खाडीतली मऊ माती

मिकोकोनी
६ मार्च २०१६

प्रिय दामा,

ताईचे आशीर्वाद. पत्रात आधी इकडची खुशाली लिहायची असते, म्हणून ती उरकून टाकते. बाबा बरे आहेत. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, पण कोणाच्या माडावरची माडी कोणी पळवली हे उजव्या डोळ्याला अजून बरोबर दिसतं. माझे गुडघे कुरकुरतात. तिन्ही पोरं आपापल्या जागी धड आहेत. थोरलीला मालिंदीच्या हॉटेलात काम मिळालं, आता ती मला फोनवरून स्वच्छता शिकवते.

तुला दिवस गेल्याचं कहिंडीकडून कळलं. चौथा महिना म्हणे. बातमी नैरोबीच्या बसच्या कंडक्टरकडून कळावी याचा मी राग धरलेला नाही. आईला माती दिली त्या दिवशी मी चारचौघांत जे बोलले, त्यानंतर तू मला आपणहून काही कळवशील अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करू? पाच वर्षं झाली त्याला.

कहिंडी म्हणाला, "ताईला सांग, माती पाठव, एवढंच म्हणाली. पुढं एक अक्षर नाही." मी त्याला दोनदा विचारलं. त्यानं दोनदा तेवढंच सांगितलं आणि मग बस सुटते म्हणून पळाला.

म्हणून हे गाठोडं पाठवते आहे. सहा नारळ, वाळवलेला कसावा, गोरखचिंचेच्या लाल बिया (साखर बेताची घातली आहे), आणि बाबांनी स्वतः सोललेली चिंच. डोहाळ्यांची माती मात्र नाही. यंदा माती काही चांगली निघाली नाही. पाऊस लांबला, मग ऊन आलं नाही, मातीच्या वळलेल्या कांड्या धड वाळल्याच नाहीत. बाजारातलीही घेऊ नकोस. कोण कुठली माती विकतं, सांगता येत नाही. तोंड फारच खवळलं तर गोरखचिंच चोख. सुका जवळाही या वेळी पाठवलेला नाही, त्याचंही कारण तेच, ऊन.

बाकी गंमत सांगायची तर, आमच्याकडे एक पाहुणी येते आहे. नासिमियू नाव. पश्चिमेकडची, तलावाकाठची, विद्यापीठात शिकते. तिला खाडीतला चिखल हवा होता. मासे नको, खुबे नको, चिखल. मी म्हटलं, बाई, एवढं शिकून चिखल? तर हसली आणि उतरली, आणि तिसऱ्या पावलाला कंबरेपर्यंत रुतली. मी फळी टाकून ओढून काढलं. "डॉक्टर होशील तेव्हा होशील," मी म्हटलं, "आधी चालायला शीक." तेव्हापासून रोज ओहोटीला ती माझ्या मागं मागं असते. बॅटऱ्या फोडायचा कारखाना आहे ना खाडीच्या तोंडाशी, त्याच्यापासून पार आपल्या कांदळांपर्यंत ती चिखलात नळ्या ठोकते आहे.

तुझा लेक केंगा कसा आहे? आठ वर्षं पूर्ण झाली ना? त्याचं पोट अजून दुखतं का? वाक्य पुरं करतो का आता? सहज विचारते असं समजू नकोस. उत्तर पाठव, कहिंडीबरोबर, चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझी ताई,
जुम्वा


मिकोकोनी
२९ मार्च २०१६

दामा,

तोंडात माती असेल तर थुंक. उरलेली सगळी एका पिशवीत बांध आणि केंगाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव. फेकू नकोस, ती तपासायला लागणार आहे. हे केल्यावर मग पुढचं वाच.

काल कहिंडी आला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "ताईची माती नको म्हणावं. केंगाच्या वेळची कांड्यांची पुरचुंडी सापडली डब्यात, तीच खातेय मी." मी टोपलं तिथंच सोडलं. तिथूनच तुला फोन केला. आधी तुझ्या सासूबाईंनी उचलला, मग तू आलीस. मी म्हटलं, ती खाऊ नकोस, फेकून दे. तू म्हणालीस, "आता आईच्या खड्ड्यातली मातीसुद्धा मला देववत नाही का तुला?" आणि ठेवलास. मग उचललाच नाहीस. ठीक आहे. जे सांगायचं आहे ते सासूबाई कानाशी असताना सांगण्यासारखं नव्हतंच.

ती माती आईच्या खड्ड्यातली नाही.

दामा, ती कधीच नव्हती. तुझ्या पोटात केंगा होता तेव्हाच मी जागा बदलली. आई जिथून खायची माती काढायची, त्या टेकडीमागच्या खड्ड्याशी जायला तासभर, कंबरभर उतरायचं, दगडासारखी माती फोडायची, घरी आणून कुटायची. आईची कंबर गेली होती, सगळं माझ्या एकटीवर आलं होतं. आणि त्याच वर्षी कारखान्यानं धक्का बांधला. त्यानं पाण्याची ओढ मोडली आणि आपल्या दोन मोठ्या कांदळांच्या कुशीत नवा गाळ साचायला लागला. असा मऊ की बोटांत धरला तर साय. मला वाटलं, खाडीनं माझ्यासाठी लोणी काढून ठेवलंय. घरापासून शंभर पावलं. गोड्या पाण्यात कालवायची, आईच्या जुन्या कांग्याच्या सुती फडक्यातून गाळायची, रेती खाली राहिली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि निवळू द्यायचं, तळाला बसेल त्याच्या कांड्या वळायच्या. तीनदा गाळायची मी, दामा. आईही दोनदाच गाळायची. माझ्या कांडीत कणसुद्धा दाताखाली येत नाही, अशी माझी कीर्ती होती पार किलिफीपर्यंत.

आईनं एकदा चाखली होती. म्हणाली, "खारट लागतेय गं."

मी म्हटलं, "माझा घाम असेल."

"कुठली आणलीस?"

"तुझ्याच खड्ड्यातली. दुसरी कुठली असणार?"

तिनं उरलेली कांडी माझ्या हातात परत दिली. तिला कळलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

आता त्या नळ्यांचं सांगते. नासिमियू नळी चिखलात ठोकते, वरचं तोंड बुचानं बंद करते आणि उपसून काढते. आतून चिखलाची अख्खी कांडी निघते. मग ती बोटबोटभर चकत्या कापते. वरची चकती यंदाची, खालची आजोबांच्या काळची. खालचा चिखल स्वच्छ आहे. कारखाना आला त्या वर्षापासून वर सगळा शिशानं भरलाय. बॅटऱ्यांतलं शिसं, भट्टीची राख, धुतलेलं पाणी, सगळं खाडीत. पाणी नितळ दिसतं, कारण पाणी ते धरून ठेवत नाही. चिखल धरतो.

"सगळा चिखल सारखाच धरतो का?" मी विचारलं. सहज विचारलं, शपथ.

"नाही हो मावशी. रेतीला ते फारसं चिकटत नाही. जितका चिखल बारीक, तितकं जास्त शिसं. म्हणून तर मी चाळून बारीक तेवढाच वेगळा काढते."

मी तिच्या हातातल्या चाळणीकडे बघत राहिले. ती जे प्रयोगशाळेत करते तेच मी आठ वर्षं अंगणात करत होते. तिच्याहून बरं करत होते. दुसऱ्या दिवशी माझी एक कांडी कागदात गुंडाळून तिला दिली आणि म्हटलं, ही पण बघ. कुठली म्हणून तिनं विचारलं नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी त्या उत्तराची वाट बघत होते. ऊन नव्हतं वगैरे सगळं खोटं. उन्हानं इथे डोकं फुटतं आहे.

उत्तर शुक्रवारी आलं. खाडीतल्या सगळ्यात वाईट नळीपेक्षाही माझ्या कांडीत शिसं जास्त आहे. माणसाच्या पोटात एवढं जाऊ नये असं जे म्हणतात, त्याच्या कितीतरी पट. कागद सोबत जोडला आहे, डॉक्टरांना दाखव. नासिमियू कागद देताना रडली. मी तिला पाणी दिलं. मला रडायला सवड नव्हती, कारण माझ्याकडून माती नेलेल्या बाया मी मनात मोजत होते.

शिसं आईच्या पोटातून मुलात जातं. बोलणं उशिरा येतं, पोट दुखतं, राग अनावर होतो, शाळेत डोकं चालत नाही. ती सांगत होती आणि मला वाटत होतं, ही केंगाला कुठं भेटली? त्याला दात येत होते तेव्हा चघळायला मी वेगळी जाड कांडी करून पाठवली होती, आठवतं? तूच कळवलं होतंस, ताईच्या कांडीनंच गप्प बसतो म्हणून.

माझी तिन्ही पोरं आईच्या खड्ड्यातल्या मातीवर झाली. म्हणून ती धड आहेत. आता ते लिहिताना माझी मान खाली जाते.

आणि आता ते लिहिते, जे पाच वर्षं टाळलं. आईच्या दिवसाला तू केंगाला कडेवर घेऊन आलीस. तीन वर्षांचा, तोंडातून शब्द नाही. तुझी सासू म्हणत होती की किनाऱ्यावरच्या बाईनं जादू घरात आणली. तू वडीलधाऱ्यांना विचारायला आली होतीस, कोणाचा शाप असेल तर उतरवा. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बापाला लग्नाची माडी न पाजता पळून गेलीस, आता पोराची जीभ कुठून सुटेल?" तू न जेवता गेलीस. माझं बोलणं कोणी खोडून काढलं नाही म्हणून बरं वाटलं होतं मला तेव्हा. जावयानं सासऱ्याला द्यायची ती लग्नाची माडी आली नाही याचं बाबांना दुःख होतं, पण त्यांनी कधी शाप दिला नाही. तो मी तुझ्या पदरात टाकला. आणि शिसंही मीच टाकलं होतं.

क्षमा मागायला हे पत्र नाही. क्षमेची घाई मला नाही, तुझ्या पोटातल्याची आहे. दोन कामं कर. मोठ्या दवाखान्यात जा आणि तुझं आणि केंगाचं रक्त तपासून घे. कागदावर मागच्या बाजूला नासिमियूचा नंबर आहे, तिनं तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. जे गेलं ते सगळं भरून येत नाही असं ती स्पष्ट म्हणाली, पण पुढचं थांबवता येतं, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबवलं तर पुष्कळ थांबतं. दूध पी, पालेभाजी खा.

दुसरं. २१ एप्रिलला कारखान्याच्या परवान्याची सुनावणी आहे, इथेच शाळेच्या पटांगणात. नासिमियू आकडे मांडणार. मागच्या बैठकीत कारखान्याचा माणूस पायावर पाय टाकून म्हणाला, "शिसं चिखलात आहे ना? बसू दे तिथं. चिखल कोणी खातं का?" सगळे हसले. मी मागच्या बाकावर होते. मी हसले नाही आणि उठलेही नाही. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्याचं उत्तर अख्ख्या गावात माझ्या एकटीकडे आहे. खातात. मी खाऊ घातलाय.

म्हणून मी बोलणार आहे. माझ्याबरोबर खुबे वेचणारी न्येवू शनिवारी दारात येऊन म्हणाली, "तुझ्या पापाचा ढोल तुझ्या अंगणात वाजव की. खाडीवर कशाला? उद्या आमचे खुबे कुत्रंसुद्धा हुंगणार नाही." तिचं चूक नाही. तिच्या घरी सहा तोंडं त्या खुब्यांवर जगतात. मी म्हटलं, "न्येवू, तुझ्या सुनेनं माझ्याकडून माती नेली होती, मागच्या पावसाळ्यात." मग आम्ही दोघी तिच्या सुनेकडे गेलो. तेव्हापासून एकोणीस घरं झाली. दोन घरांनी दार लावून घेतलं, एकीनं माझ्यावर भांड्याचं पाणी फेकलं. उरलेली सात घरं उद्या-परवा.

पण सुनावणीत ते विचारतील, आजारी पोर कोण, नाव सांगा. इथल्या बाया घाबरल्यात, सगळ्यांचे नवरे कारखान्यात नाहीतर धक्क्यावर आहेत. मी केंगाचं नाव घेऊ का? तू नाही म्हणालीस तर घेणार नाही, जीभ हासडली तरी नाही. माझं स्वतःचं नाव मात्र घेणारच. त्यासाठी मला कोणाला विचारायचं नाही.

आशीर्वाद शेवटी लिहिते आहे, कारण तुला ते नको असतील तर पत्र इथवर वाचून झालेलं असेल.

माती खणणारी,
जुम्वा


नैरोबी
१४ एप्रिल २०१६

जुम्वा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा थुंकले, दुसऱ्यांदा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा कागद घेऊन दवाखान्यात गेले.

केंगाच्या रक्तात शिसं आहे. बरंच आहे. आजही आहे, कारण ती पुरचुंडी मी उघडल्यापासून तोही रोज एक तुकडा मागत होता आणि मी देत होते. माझ्यातही आहे, पण थोडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत थांबलात. गोळ्या दिल्यात, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. पोटातलं हलतं आहे. खूप हलतं आहे, तुला सांगायचं नव्हतं पण लिहून गेले.

सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, माडीसकट. त्यांनी विचारलं, "म्हणजे जादू नव्हती?" मी म्हटलं, नाही, कारखाना होता. आणि माझी बहीण होती. संध्याकाळी केंगाला मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं जेवू घातलं त्यांनी. आठ वर्षांचा घोडा, पाय जमिनीला टेकत होते. आजवर त्यांनी त्याला शिवून घेतलं नव्हतं. तो इतका चकित झाला की सगळं ताट संपवलं. मग मला येऊन म्हणाला, "आजी... हात गरम." एवढं त्याचं वाक्य असतं. त्यात मला सगळं समजतं.

आता माझं ऐक. मातीचा राग माझ्या मनात आहे, पण तो जाईल. तुला ठाऊक नव्हतं. तू आळस केलास, आईशी खोटं बोललीस, पण पोराचं वाईट व्हावं म्हणून तू तीनदा गाळली नाहीस, एवढं मला कळतं. जाणार नाही तो माडीचा राग. ते तू कळून-सवरून बोललीस. पाच वर्षं मी केंगाला अंघोळ घालताना, त्याला शाळेतून परत पाठवलं तेव्हा, तो भिंतीवर डोकं आपटायचा तेव्हा, एकच विचार करत होते, की मी लग्न केलं म्हणून याची जीभ गेली. नवऱ्यानं जवळ घेतलं तरी मला चोरी केल्यासारखं वाटायचं. ते मी माफ केलेलं नाही. करीन की नाही ठाऊक नाही, आणि तू विचारूही नकोस. बाबांना सांग, त्यांनी शाप दिला नव्हता हे मला पाच वर्षं आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

केंगाचं नाव घेऊ का म्हणून विचारलंस. नाही. ते तू घ्यायचं नाहीस. तो माझा आहे.

मी १९ तारखेच्या मंगळवारच्या बसनं निघते आहे. केंगा बरोबर आहे. सासूबाईही येताहेत, नको म्हटलं तर ऐकेनात. त्यांना त्या पायावर पाय टाकणाऱ्या माणसाला बघायचंय. आम्ही बाबांकडे उतरू, तुझ्याकडे नाही. सुनावणीत केंगाचं नाव मी घेईन. त्याला उभा करीन, रक्ताचा कागद मी वाचेन, माझ्या पोटाकडे त्यांना नीट बघू देईन. मग ते विचारतील, बाई, ही माती तुझ्या घरी आली कुठून? तेव्हा मी सगळ्यांसमोर तुझ्याकडे बोट दाखवणार आहे.

त्या वेळी उठून उभी राहा.

केंगाची आई,
दामा